कलपाचा आळ

३ नोव्हेंबर

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, तू बरी असशील, भाऊजी तर बरेच असतात. पत्रास कारण की, तू फोनचा स्पीकर लावतेस. मी तुला सांगायला जाते की खाज अजून गेली नाही, तर मागून भाऊजी पोट साफ ठेवायला सांगतात आणि त्यांच्याही मागून तुझ्या सासूबाई म्हणतात की वेळेवर लग्न केलं असतं तर हे झालं नसतं. लग्नाने पुरळ जातं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. कागदाला स्पीकर नसतो, म्हणून हा खटाटोप. हे पत्र एकटीने वाच. वाचताना ओठही हलवू नकोस, भाऊजींचा भरवसा नाही.

तर पुरळ. ते डाव्या बाजूला आहे, फक्त डाव्या. कानाखाली जबड्यावर सुरू होतं, मानेवरून उतरतं आणि खांद्यावर पसरतं. लाल, फुगलेलं, कडेने बारीक फोड. उजवी बाजू मात्र इतकी स्वच्छ की दोघी सावत्र बहिणी वाटाव्यात. दुकानात पंचाईत होते. माझं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन चष्म्याच्या काड्या कानामागे नीट बसवणं. दिवसभर लोकांची कानशिलं बघते मी. आता तीच माणसं मला बघून मान मागे घेतात आणि चष्मा वाकडा बसतो. परवा एका गृहस्थाने विचारलं, हे लागतं का हो? म्हटलं, लागतं, पण फक्त चौकशी करणाऱ्यांना. मालकांनी ते ऐकलं आणि मला मागच्या खोलीत भिंगं पुसायला बसवलं.

घरात मी धरपकड सुरू केली आहे. आधी कपड्यांची पावडर धरली, कारण तिच्या पाकिटावरची बाई फारच हसते. मग भांड्यांचा साबण, ज्याच्यात लिंबाची शक्ती आहे असं लिहिलंय आणि लिंबू मात्र फक्त चित्रात आहे. मग फरशी पुसायचं ते हिरवं पाणी, ज्याला डोंगरातल्या पहाटेचा वास येतो; ज्याने लिहिलं तो पहाटे कधी उठला नसावा. कपडे मऊ करायचं औषध गेलं, अंगाचा साबण गेला, हाताचं क्रीम गेलं, उदबत्तीसारखा दरवळणारा तो स्वच्छतागृहाचा डबा गेला. ताई, मला वाटायचं मी घरात एकटी राहते. मोजून बघितलं तर माझ्याबरोबर डझनभर सुगंध बिनभाड्याने राहत होते. सगळ्यांना हाकललं. आता माझ्या चादरींना कसलाच वास येत नाही. पुरळ आहे तिथेच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की काय, अशी शंका येते.

ज्याला त्याला कारण माहीत आहे. तुझ्या सासूबाईंना उष्णता, भाऊजींना पोट, मालकांना माझा स्वभाव. दुकानातला भिंगं घासणारा कारागीर म्हणतो, पुसायच्या फवाऱ्यामुळे होतं. मी म्हटलं, बाबा, फवारा हातावर उडतो, पुरळ खांद्यावर आहे. तर म्हणे, वारा असेल. आमच्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल करणारे लिफ्टवाले, मागे मी लिफ्टमध्ये अडकले होते तेव्हाचे, त्यांचं मत असं की मी उगाच जिने चढते आणि घाम येतो. लिफ्टवाल्याने दुसरं काय सांगावं! माणूस साधा आहे. अधूनमधून येऊन लिफ्ट बघून जातात. साठीला आले तरी केस काळेभोर आहेत. घराण्यातच आहेत म्हणे.

केसांवरून आठवलं. तुझ्या लेकीच्या, भिंगरीच्या लग्नाला येताना केस रंगवून ये, हा तुझा निरोप पोचला. उत्तर नाही असं आहे. पस्तिशीत पांढरे झाले तेव्हा घाबरले नाही, आता बावन्नाव्या वर्षी कुणाला फसवू? माझ्या डोक्याला आजवर कलपाचं बोट लागलेलं नाही आणि लागणारही नाही. बाकी कामाचं म्हणशील तर नेहमीप्रमाणे तुझ्या सासूबाईंजवळ खोलीत बसायला मी आहेच. तुमच्या घरातलं एकही लग्न मी अजून हॉलमधून बघितलेलं नाही, हे सहज लिहिलं.

तुझी,
धाकटी


२६ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. प्रकृती ठीक. राग सोडून बाकी सगळं उतारावर आहे.

काल फोनवर तुम्ही सगळे हसलात. भाऊजी म्हणाले, “पकडली!” सासूबाईंना नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यांना मोठ्याने समजावून सांगण्यात आलं, आणि मग त्याही हसल्या. भिंगरी माझ्याबरोबर त्वचेच्या डॉक्टरांकडे आली, हे तिचे उपकार. बाहेर पडून तिने तुला फोन केला की मावशीला कलपाची अॅलर्जी निघाली, हेही खरं. पण तेवढ्यावरून तुम्ही जो निकाल लावलात, त्याच्यावर मी अपील करते आहे.

आधी काय झालं ते ऐक. डॉक्टर बाई वयाने भिंगरीएवढ्या, पण बोलणं वकिलासारखं. मी पिशवी भरून घरातले सगळे साबण नेले होते. त्यांनी एकेक बाटली वाचली आणि बाजूला ठेवली. मग माझ्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवर बारीक बारीक टिकल्या, प्रत्येक टिकलीत घरातल्या वस्तूंमधला एकेक संशयित: सुगंध, साबण टिकवायची रसायनं, रबर, स्वस्त दागिन्यांतला धातू, रंग. पट्ट्या असेपर्यंत पाठीला पाणी लावायचं नाही, वाकायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचं तर नाहीच. एवढे नियम मी आयुष्यात फक्त तुझ्या घरी पाळले आहेत. भिंगरी राहायला आली ती त्यासाठीच, पट्टी सुटली तर परत कोण दाबणार? स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, हे एकट्या माणसाला अशा वेळी कळतं.

पट्ट्या काढल्या तेव्हा सुगंधाची टिकली साफ. साबणाच्या टिकल्या साफ. त्या हसणाऱ्या पावडरवालीची मला मनातून क्षमा मागावी लागली. एकच जागा लाल होऊन वर आली होती, केस काळे करायच्या रंगाची. कलपाची.

तर आता तुझं म्हणणं असं की मी इतकी वर्षं चोरून कलप लावते आणि वर पांढऱ्या केसांचा तोरा मिरवते. ताई, जरा डोकं चालव. मी कलप लावते तर केस पांढरे कसे? पांढरा कलप मिळतो का कुठे? तुझं उत्तर मला माहीत आहे, तू काल दिलंसच: “एकदा लावून बघितला असेल, बाधला असेल, मग पांढऱ्याचं तत्त्वज्ञान केलं असेल.” द्राक्षं आंबट. हे ऐकून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो पुरळानेही झाला नव्हता.

मी डॉक्टरांनाही तेच सांगितलं, की मी लावत नाही. त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण केस रंगवतं? म्हटलं, घरात मी एकटी असते. त्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. तो इथे लिहिण्यासारखा नाही. म्हणजे वावगा नव्हता, पण पत्र लांबेल.

कलपातला हा रंग काळ्या कापडातही असतो म्हणे कधीकधी. माझ्याकडे एक काळा रुमाल आहे. तो मी गळ्यात बांधत नाही, हे खरं. पण आहे.

एवढंच सांगायचंय की पुरळ आता उतरतंय. डॉक्टरांनी मलम दिलं आणि जे टाळायला सांगितलं ते मी टाळलं. काय टाळलं ते विचारू नकोस. लिफ्ट ठीक चालू आहे, तीही विचारू नकोस.

आणि हे शेवटचं. सत्तावीस लोकांच्या लग्नघरात मावशी म्हणजे कलप लावणारी, अशी माझी कीर्ती होणार असेल तर मी ती सहन करणार नाही. माणसाला एखादी तरी गोष्ट आपली म्हणून लागते. तुला मुलं आहेत, घर आहे, सासूबाई आहेत. माझ्याकडे दाखवण्यासारखं खोटं न बोलणारं एक डोकं आहे. माझ्यावर दुसरा कुठलाही आळ घे, मी हू की चू करणार नाही. कलपाचा घेऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१४ डिसेंबर

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. पहिल्यांदा उभ्याने वाचलं, दुसऱ्यांदा बसून.

दुसरा कुठलाही आळ घे असं मी लिहिलं होतं. तू घेतलास. बरोबर घेतलास. मी हू की चू करणार नाही म्हटलं होतं, पण तेवढं एक वचन मोडते.

तर डॉक्टरांचा तो प्रश्न. मी म्हटलं, घरात मी एकटी असते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “बरं. मग येतं कोण?”

भिंगरी शेजारच्या खुर्चीत होती. तिने भिंतीवरचं कातडीचं चित्र असं निरखून बघायला घेतलं की जणू परीक्षेला येणार आहे. डॉक्टर म्हणाल्या, जबडा, मान, खांदा, एकाच बाजूला, म्हणजे कुणाचं तरी डोकं तिथे टेकतंय आणि त्या डोक्याला कलप आहे. माणूस सोडायची गरज नाही, कलप सोडला तरी पुरे. बाहेर जिन्यात भिंगरी म्हणाली, “मावशी, मी अर्धंच ऐकलं.” आणि तुला अर्धंच सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. अळीमिळी गुपचिळी तिने तुझ्याकडूनच शिकली आहे.

डोकं लिफ्टवाल्यांचं. तू ओळखलंसच. रविवारी दुपारी येतात, आम्ही टीव्ही लावतो, कुठली तरी मॅच असते, ती मला कळत नाही आणि त्यांना बघवत नाही, कारण पाच मिनिटांत ते माझ्या डाव्या खांद्यावर झोपतात. ताई, तुला जे वाटलं त्याच्या मानाने हे फारच फिकं आहे, नाही का? तेवढंच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तुला खोटा दिलासा कशाला देऊ?

ओळख कशी झाली, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते. वर अंधारातून एक आवाज आला आणि शेवटपर्यंत बोलत राहिला. आता ब्रेक सोडतो, थोडा आवाज होईल. आता हाताने फिरवतो, जरा हलेल. आता तुमचे पाय जमिनीच्या रेषेत येतील. येत गेले. काही करायच्या आधी मला सांगून करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आपल्या घरात तर सगळं झाल्यावर सांगायची पद्धत आहे.

आता तुझं वाक्य घेते, कारण ते मला पाठ झालंय. “या वयात तोंड काळं केलंस.” ताई, भाषा तरी नीट वापर. तोंड लाल झालं होतं, डाव्या बाजूने, भिंगरी साक्षीदार आहे. काळे होते ते त्यांचे केस. त्यांनी केस काळे केले आणि तोंड काळं झाल्याचा ठपका मात्र माझ्यावर, असा हा न्याय. बाईच्या बाबतीत रंग नेहमी सरकून तोंडावरच कसा येतो, हे मला त्या डॉक्टरांना विचारायचं होतं.

आणि खरं सांगायचं तर रागावण्याचा हक्क माझा होता, तुझा नंबर नंतरचा. घराण्यात आहेत म्हणे काळे केस! मी, जी दिवसभर लोकांची कानशिलं बघते, जिला चष्म्याची काडी बसवताना कुणाच्या केसाचं मूळ कुठल्या रंगाचं आहे ते दिसतं, ती या माणसाच्या बाबतीत आंधळी झाले. डॉक्टरांकडून आले त्या संध्याकाळी ते लिफ्टच्या वरच्या खोलीत तेल घालत होते. मी तिथे चढून गेले आणि सरळ विचारलं. त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. म्हणाले, “घराण्यात आहे हे खोटं नाही. वडीलही हाच लावायचे.” मला हसू येत होतं आणि मी हसले नाही. आठवडाभर बोलले नाही. खोटं बोलल्याबद्दल नाही, ताई. माझे पांढरे केस दर रविवारी समोर बघून या माणसाला स्वतःच्या पांढऱ्याची लाज वाटली, याबद्दल.

मग एका सकाळी दार वाजलं. डोकं पार गुळगुळीत. कानांची टोकं थंडीने लाल. मी काही विचारायच्या आत शेजारच्या बाईंनी दार उघडून विचारलं, अहो, काय झालं हे? ते गंभीरपणे म्हणाले, “कलप वारला.” शेजारीण दार लावून घेईना. मी त्यांना आत घेतलं, तिच्या देखत. पुरळ आता पूर्ण गेलंय. त्यांच्या डोक्यावर बारीक पांढरी खुंटं उगवली आहेत आणि ती टोचतात. टोचलं तरी पुरळ येत नाही, एवढा फरक मला कळतो.

आता लग्नाचं. तुझी योजना अशी: मी एकटीने यायचं, कुणी विचारलं तर कलप मीच लावला होता म्हणायचं, दोन दिवस लोक हसतील आणि विषय संपेल. “खाजवून खरूज काढू नकोस,” असंही लिहिलंस. माझी खाज कधीच थांबली, ताई. तूच खाजवते आहेस. पण योजना हुशारीची आहे, हे मानते. एक खोटं बोललं की सगळं घर वाचतं. सासूबाईंना धक्का नाही, भाऊजींना प्रश्न नाही, नव्या व्याह्यांना कुजबुज नाही. फक्त माझं डोकं खोटं ठरतं आणि एक माणूस नाहीसा होतो. तो माणूस कोण, तर रविवारी दुपारचा.

हे मी करणार नाही.

कारण एवढंच सांगते आणि हे विनोदाने घेऊ नकोस. या खांद्यावर इतकी वर्षं माणसं डोकं ठेवत आली. आई गेली तेव्हा बाबांनी ठेवलं. भाऊजींचं ते प्रकरण झालं तेव्हा तू ठेवलंस, रात्ररात्र, आणि मी कधी कुणाला बोलले नाही. पहिला नवरामुलगा नको म्हणाला तेव्हा भिंगरीने ठेवलं. तुझ्या सासूबाईसुद्धा, कुणी बघत नसलं की. सगळी रडायला आली. मी ओला पदर पिळला आणि चहा टाकला. त्यात मला कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. पण ताई, या खांद्यावर झोप लागणारा हा पहिलाच माणूस आहे. कुणाला माझ्याजवळ इतकं स्वस्थ वाटू शकतं, हे मला बावन्न वर्षं माहीत नव्हतं. आता माहीत झालंय तर मी ते विसरायचं, आणि वर सांगायचं की हा कलपाचा डाग?

आईनंतर तू मला वाढवलंस. तुझा शब्द मी कधी मोडला नाही. सवय नाही, म्हणून आता मोडताना एवढा आवाज होतोय.

तेव्हा ऐक. भिंगरीच्या लग्नाला यायची मला फार इच्छा आहे, माझ्या हातांवर वाढलेली पोर आहे ती. पण मी खोलीत बसणार नाही. सासूबाईंना हॉलमध्ये आणा, त्यांनाही लग्न बघू दे. त्यांच्या एका बाजूला मी बसेन. दुसऱ्या बाजूला माझ्याबरोबर आलेला माणूस बसेल. त्यांच्या ओळखीचं काय करायचं ते तू ठरव. मित्र म्हण, लिफ्टवाले म्हण, मावशींबरोबर आलेत म्हण आणि ताटाकडे बघ. ड्रायव्हर म्हणू नकोस, त्यांना गाडी चालवता येत नाही. कुणी नाही असं म्हणू नकोस, ते मला चालणार नाही. भाऊजींना तू सांग. तुला जमलं नाही तर स्पीकर लाव, मी सांगते.

तू शेवटी लिहिलंस, “ये, पण एकटी.” त्यातलं पुढचं सगळं खोड. मला उत्तर एका अक्षराचं पाठव. ‘ये’ एवढंच लिहिलंस तर मी येणार नाही. दुकान उघडं असेल, गिऱ्हाइकं असतील, मी लोकांचे चष्मे बसवत असेन आणि दिवसभर माझं लक्ष लागणार नाही, पण येणार नाही. ‘या’ लिहिलंस तर आम्ही येऊ, सकाळच्या पहिल्या गाडीने. मात्रा पुसायची आणि काना द्यायचा, तुला काही फार जड नाही. एका कान्यात एक माणूस मावतो.

कळावे, असं लिहायची पद्धत आहे. तुला कळलंय, म्हणून लिहीत नाही. लोभ असावा, हे मात्र लिहिते.

तुझी,
धाकटी